भारहीन अवस्थेंतील बीज आणि मुळांची दिशा

तिफणीच्या नळींतून दाणा कोणत्या बाजूनें पडावा हें पेरणारा ठरवीत नाहीं. हरभऱ्याचा दाणा कधीं चोंचीवर, कधीं पाठीवर, तर कधीं कुशीवर पडतो. तरी आठवड्यानंतर माती उकरून पाहिली तर प्रत्येक दाण्याचें मूळ खालीं गेलेलें व कोंब वर आलेला आढळतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिच्याविषयीं प्रश्न विचारावा असें आपणांस वाटतच नाहीं. परंतु मातींत तर अंधार असतो. मग वर कोणतें व खालीं कोणतें हें त्या दाण्यास कशावरून कळतें? ओलीवरून कळत असेल म्हणावें, तर पहिल्या पावसाची ओल वरच्या थरांत असते व खालची माती कोरडी असते. मूळ मात्र खालींच वळतें.

या प्रश्नाचा अभ्यास आज अंतराळांत फिरणाऱ्या यानांत, तसाच पृथ्वीवर भारहीनतेची नक्कल करणाऱ्या यंत्रांवर चालू आहे. आपल्या शेताशीं त्याचा काय संबंध, अशी शंका आमच्या वाचकांस येणें स्वाभाविक आहे. यास्तव तो विषय आरंभापासून क्रमानें मांडावा व शेवटीं त्यांतून आपल्या उपयोगाचें काय निघतें तें सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

एका बागायतदाराचें चाक

या प्रश्नाचें पहिलें सप्रयोग उत्तर एका बागायतदारानेंच मिळविलें आहे. इंग्लंडांतील हिअरफर्डशायर परगण्यांत टॉमस अँड्र्यू नाईट नांवाचे जमीनदार राहत असत. फळझाडांच्या सुधारणेचा त्यांना मोठा नाद होता व पुढें १८११ पासून १८३८ पर्यंत ते लंडनच्या बागायत संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या बागेंतून पाण्याचा एक लहान ओहोळ वाहत असे. त्या पाण्यावर फिरणारें, अकरा इंच व्यासाचें एक उभें चाक त्यांनीं बसविलें व त्याच्या कडेस शेंगवर्गी पिकाचे भिजविलेले दाणे निरनिराळ्या दिशांस तोंडें करून बांधले. चाक मिनिटास सुमारें १५० फेरे घेत असे. दाण्यांस मोड आल्यावर असें दिसलें कीं, सर्व मुळें चाकाच्या बाहेरच्या बाजूस वाढलीं व सर्व कोंब चाकाच्या आंसाकडे वळले. जमीन कोणत्या बाजूस आहे याची दखल एकाही मुळानें घेतली नाहीं. हा प्रयोग १८०६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आला.

याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. उभ्या चाकावर फिरणाऱ्या दाण्याची जी बाजू या क्षणीं खालीं असते तीच पुढच्या क्षणीं वर येते. म्हणून पृथ्वीची ओढ कोणत्याही एका बाजूस टिकत नाहीं. गोफणींतील दगडास बाहेर फेंकणारा जो जोर, तो मात्र सदैव एकाच बाजूनें लागतो. मुळानें त्या जोराची दिशा तीच ‘खालची’ दिशा मानिली. नंतर नाईट यांनीं दुसरें चाक आडवें बसविलें. तें मिनिटास २५० फेरे घेत असतां मुळें जवळजवळ आडवीं बाहेर गेलीं, फक्त थोडीं खालीं झुकलीं. वेग ८० फेऱ्यांवर आणला तेव्हां तीं बाहेर व खालीं यांच्या बरोबर मधल्या दिशेनें वाढलीं. अकरा इंच व्यास धरून हिशेब केला तर ८० फेऱ्यांच्या वेगास कडेवरचा बाहेरचा जोर पृथ्वीच्या ओढीइतकाच भरतो. दोन सारख्या ताकदीचे बैल काटकोनांत ओढूं लागले म्हणजे ओंडका मधल्या वाटेनें जातो, तसाच हा प्रकार होय. मुळास दिशा दाखविणारी गोष्ट वजनाची ओढ हीच आहे, हें यावरून निर्विवाद ठरलें.

भारहीनतेची नक्कल

पुढची पायरी जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस साख्स यांनीं गांठली. १८७९ च्या सुमारास त्यांनीं घड्याळासारख्या यंत्रानें अगदीं हळू फिरणारें एक साधन वापरलें व त्यास क्लिनोस्टॅट हें नांव दिलें. नाईट यांचें चाक वेगानें फिरून नवा जोर उत्पन्न करीत असे. साख्स यांचें यंत्र इतकें हळू फिरे कीं असा जोर नगण्य राही. रोप आडवें धरून तें स्वतःभोंवतीं सावकाश फिरत ठेवलें म्हणजे त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीनें खालीं येते. एका बाजूकडे वळण्यास रोपानें आरंभ करावा तों ती बाजू निघून जाते. परिणामीं तें कोठेंच वळत नाहीं. ज्या दिशेस त्याचें तोंड असेल त्याच दिशेस वाढत राहतें.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. या यंत्रावर वजन नाहींसें होत नाहीं. नाहींशी होते ती वजनाची दिशा. खरी भारहीनता कशी असते हें पाहावयाचें असेल तर दोर तुटून विहिरींत पडणारी बादली डोळ्यांपुढें आणावी. बादली व तींतील पाणी एकाच वेगानें खालीं येतात, म्हणून तेवढा वेळ पाणी बादलीच्या बुडावर भार देत नाहीं. पृथ्वीभोंवतीं फिरणारें यानही असेंच अखंड पडत असतें, म्हणून त्यांतील माणसें व वस्तू तरंगतात. तेथें पृथ्वीची ओढ पोंचत नाहीं ही समजूत चुकीची आहे. चारशें किलोमीटर उंचीवर ती ओढ जमिनीवरच्या मानानें सुमारें नऊदशांश असते.

जमिनीवर खरी भारहीनता क्षणभरच मिळते. जर्मनींतील ब्रेमेन येथें १४६ मीटर उंच मनोरा आहे. त्याच्या आंतील पोकळ नळींतून पेटी खालीं सोडिली तर पावणेपांच सेकंदांहून अधिक वेळ मिळत नाहीं. विमान विशिष्ट कमानींतून उडविलें तर वीसबावीस सेकंद साधतात. मूळ वळण्यास तास लागतात व पेशींचें विभाजन होण्यास त्याहूनही अधिक. यानांतील जागा दुर्मिळ व खर्चाची. म्हणून अभ्यासकांस नकली भारहीनतेचाच आधार घ्यावा लागतो. अलीकडे दोन आंसांवर, दिशा व वेग सारखे बदलीत फिरणारीं यंत्रें वापरतात. जपानांत १९९० नंतरच्या दशकांत अशा यंत्रांवर वनस्पतींचे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत कंप व आंसापासून दूर असलेल्या भागावरील किंचित् जोर हे दोष राहतातच. यास्तव यंत्रावर दिसलेली गोष्ट यानांतही दिसली, तरच ती पक्की मानण्याचा प्रघात आहे.

पेशींत काय घडतें

मुळाच्या अगदीं टोंकास पेशींची एक लहान टोपी असते. मातींतून वाट काढतांना ती झिजते व आंतून पुन्हां भरून निघते. या टोपीच्या मध्यभागींच्या पेशींत पिठुळ पदार्थाचे जड कण असतात. हे कण दिशा ओळखण्याचें साधन असावेत, असा विचार १९०० सालीं हाबरलांट व नेमेत्स या दोन शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें मांडला. दाणा उलटा झाला कीं कांहीं मिनिटांतच हे कण पेशीच्या नव्या तळाकडे घरंगळतात. सूप ज्या बाजूस कलतें करावें त्या बाजूस धान्य सरकतें, त्याप्रमाणें. ज्या रोपांत जन्मतःच पीठ तयार होत नाहीं अशीं रोपें पुढें मिळालीं, व तीं दिशा ओळखण्यांत फार मंद असल्याचें दिसलें. तथापि तीं अगदींच आंधळीं नव्हतीं. म्हणून पीठाचे कण हें मुख्य साधन असलें तरी तेंच एकमेव आहे असें म्हणतां येत नाहीं.

कण तळास गेले म्हणजे मूळ कसें वळतें? वनस्पतींत ऑक्सिन नांवाचें वाढीचें एक द्रव्य असतें. कण ज्या बाजूस बसतात त्या बाजूकडे या द्रव्याचा ओघ वाढतो. पीठकणांवरील विशिष्ट प्रथिनें कणांबरोबर खालीं येऊन पेशीच्या त्या बाजूच्या पडद्यावर जातात व ओघाची दिशा ठरवितात, ही मधली कडी २०२३ सालीं उजेडांत आली. मुळांत ऑक्सिन अधिक झालें कीं वाढ खुंटते. म्हणून खालची बाजू मागें पडते, वरची पुढें जाते, व मूळ खालीं वळतें. खोडांत याच्या उलट, ऑक्सिनानें वाढ जोरावते. म्हणून खालची बाजू लांबते व कोंब वर उठतो. एकच निरोप, परंतु मूळ व खोड त्याचा अर्थ भिन्न लावितात.

क्लिनोस्टॅटवर किंवा यानांत हे कण एका तळावर स्थिर होत नाहींत, म्हणून निश्चित निरोप निघत नाहीं. एवढ्यावरच गोष्ट थांबत नाहीं. मुळाच्या टोंकामागें ज्या पेशी सतत विभागतात त्यांवरही परिणाम होतो. २००३ सालीं स्पेनचे अंतराळवीर पेद्रो दूके यांच्या सफरींत अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळांतील लहान वनस्पतीचीं रोपें वाढविण्यांत आलीं. पुढें तसेंच निरीक्षण जमिनीवरील यंत्रावरही झालें. दोन्हींकडे असें आढळलें कीं, मूलाग्रांतील पेशी अधिक वेगानें विभागत होत्या, पण प्रत्येक पेशीची स्वतःची भर मात्र कमी होत होती. पेशींत प्रथिनें बनविण्याचीं साधनें जेथें तयार होतात तो केंद्रकांतील भाग लहान झालेला होता. विभाजन व भरणी ही एरवीं एका जुवाखालची बैलजोडी. तींतील एक बैल धांवूं लागला व दुसरा मागें राहिला, तर गाडीची जी स्थिति होईल ती या मूलाग्राची झाली. तांबड्या प्रकाशानें ही फारकत बऱ्याच अंशीं कमी होते, असें नंतरच्या प्रयोगांत दिसलें. एक दिशा हरपली असतां वनस्पति दुसरीचा, म्हणजे प्रकाशाचा, आधार घेते.

खरें कारण शोधण्याचा धडा

भारहीन अवस्थेंत वनस्पति जगूंच शकत नाहीं काय? तसें नाहीं. १९८२ सालीं सोव्हिएत रशियाच्या साल्यूत-७ या स्थानकावर अरॅबिडॉप्सिस बीजापासून बीजापर्यंत वाढली. तरी वाटेंत पुष्कळ अपयशें आलीं, व त्यांचा इतिहास शेतकऱ्यानें मुद्दाम वाचावा असा आहे.

१९९६-९७ सालीं मीर स्थानकावर गव्हाची एक बुटकी जात लाविली. पीक वाढलें, ओंब्या भरघोस आल्या. परंतु त्यांत दाणा एकही नव्हता. भारहीनतेंत गहूं वांझ होतो असें त्यावरून म्हणतां आलें असतें. अधिक तपासांत निघालें तें निराळेंच. बंद स्थानकाच्या हवेंत एथिलीन वायु सांचला होता. फळें पिकविणारा हाच वायु, व त्यानें फुलांतील पराग निकामी झाले होते. त्यानंतर त्याच स्थानकावर गव्हाची दुसरी जात लाविली असतां तिला दाणा आला. दुसऱ्या कांहीं प्रयोगांत अरॅबिडॉप्सिसचें बीज भरेना. त्याचें कारण असें कीं, भारहीन अवस्थेंत ऊन हवा वर व थंड हवा खालीं जात नाहीं, म्हणून झाडाभोंवतालची हवा बदलतच नाहीं. पंख्यानें हवा खेळती ठेवतांच बीज भरलें. मुळांपाशींही हेंच. पाणी खालीं निथरून न जातां मुळांस चिकटून राहतें व मुळांचा श्वास कोंडतो. काळ्या जमिनींत श्रावणांतील झडीनंतर कपाशी पिवळी पडते ती याच कोंडमाऱ्यानें.

आम्हांस या इतिहासांतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. नवी परिस्थिति समोर असली कीं सर्व दोष तिच्या माथीं मारण्याचा मोह होतो. आपल्याकडेही उगवण विरळ झाली कीं बियाण्यास बोल लावतात; वास्तविक दाणा फार खोल पडलेला असतो, किंवा वर पापुद्रा धरलेला असतो, किंवा पाणी सांचलेलें असतें. बियाणें खरोखर वाईट असल्यास त्याची दाद मागितलीच पाहिजे. पण पेरणीपूर्वीं त्याच पोत्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत घालून घरीं उगवण मोजली असेल, तरच दोष बियाण्याचा कीं जमिनीचा हें ठामपणें सांगतां येतें.

आपल्या देशांतील प्रयत्न

३० डिसेंबर २०२४ रोजीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें सोडलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यांत एका बंद पेटींतून चवळीचे आठ दाणे पाठविण्यांत आले. चौथ्या दिवशीं त्यांना मोड आले व पुढें पानेंही फुटलीं. २०२५ च्या जून-जुलैमध्यें शुभांशु शुक्ल यांनीं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूग व मेथी यांना मोड आणण्याचा प्रयोग केला. तो धारवाडच्या कृषि विज्ञान विद्यापीठानें व तेथील तंत्रज्ञान संस्थेनें मिळून आंखला होता. चवळी, मूग व मेथी हीं आपल्या परिचयाचींच पिकें असल्यानें या प्रयोगांकडे आमचे वाचक आपुलकीनें पाहतील.

शेतावरील उपयोग

आतां मूळ शंकेकडे वळूं. या अभ्यासाचा आपणांस उपयोग काय?

पहिला व सर्वांत मोठा उपयोग मुळांच्या खोलीविषयीं आहे. मूळ खालीं किती सरळ जावें हें जातीपरत्वें बदलतें व तो गुण वंशानें उतरतो. जपानी शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं भाताच्या एका डोंगरी जातींतून असा एक गुणघटक शोधून काढला. उथळ मुळांच्या आय. आर. ६४ या प्रसिद्ध जातींत तो संकरानें आणतांच मुळें अधिक उभीं व खोल गेलीं, आणि पाण्याच्या ताणांतही उत्पन्न टिकलें. दिशा ओळखल्यानंतर ऑक्सिनाच्या द्वारें मूळ किती वळावें, याच्याशींच या घटकाचा संबंध आहे. अवर्षणाच्या पट्ट्यांत जेथें भाद्रपदानंतर ओल खालच्या थरांतच उरते, तेथें वीतभर अधिक खोल गेलेलें मूळ म्हणजे हंगाम हातीं लागणें किंवा जाणें होय. परंतु खालीं ओलच नसेल, किंवा मुरमाचा वा नांगराच्या तळाचा कठीण थर आड येत असेल, तर खोल जाणाऱ्या जातीचाही इलाज चालणार नाहीं. जात व मशागत हीं दोन्ही बरोबर हवींत.

दुसरा उपयोग भुईमुगांत. फुलानंतर निघणारी आरी ही मूळ नव्हे. तरी ती मुळाप्रमाणेंच वजनाच्या दिशेनें खालीं जाते व मातींत शिरल्यावरच शेंग धरते. दिशा तिला कळते, पण माती भुसभुशीत ठेवणें आपल्या हातीं आहे. यास्तव आऱ्या सुटण्यापूर्वीं खुरपणी उरकून मातीची भर द्यावी, व आऱ्या जमिनींत गेल्यावर कोळपें घालूं नये.

तिसरा उपयोग उंसाच्या लागणींत. दोन डोळ्यांची टिपरी लावतांना डोळे बाजूंस यावेत. डोळा खालीं गेला तरी कोंब वर येतोच, परंतु टिपरीस वळसा घालण्यांत त्याचे दिवस व सांठविलेलें अन्न खर्चीं पडतें, आणि उगवण मागेंपुढें होते.

चौथा उपयोग लोळलेल्या पिकांत. गहूं, ज्वारी इत्यादि पिकांच्या पेऱ्यांच्या सांध्यांत दिशा ओळखणाऱ्या पेशी असतात. पीक कोंवळें असतां वाऱ्यानें पडलें तर सांध्याची खालची बाजू वाढून ताट पुन्हां उठतें. अशा वेळीं शेतांत शिरून तुडवातुडव करूं नये. सांचलेलें पाणी काढून द्यावें व धीर धरावा. पोटरींतून कणीस बाहेर पडून दाणा भरूं लागल्यावर मात्र सांधे निबर होतात व उठण्याची आशा थोडी राहते. म्हणून नत्राचा अतिरेक टाळणें व वाऱ्याच्या दिवसांत भारी पाणी न देणें हाच खरा उपाय.

घरीं करावयाचा प्रयोग

मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें ओला टीपकागद घालून त्यांत भिजविलेले सहा हरभरे निरनिराळ्या दिशांस तोंडें करून बसवावे. दोऱ्यानें बांधून कांचा थोड्या पाण्यांत उभ्या ठेवाव्या व वर काळें फडकें टाकावें. दोनतीन दिवसांत सर्व मुळें खालीं गेलेलीं दिसतील. मग कांचा पावभर फिरवून दुसऱ्या कडेवर उभ्या कराव्या. दुसऱ्या सकाळपर्यंत मुळें नव्या दिशेनें वळलेलीं आढळतील. फिरविण्यापूर्वीं दोन मुळांचें टोंक धारदार पात्यानें सुमारें एक मिलिमीटर कापावें. तीं मुळें वाढतील, पण टोपी पुन्हां तयार होईपर्यंत वळणार नाहींत. दिशा कोठें ओळखली जाते हें यावरून डोळ्यांनीं दिसेल.

मिनिटास एकदोन फेरे घेणारी, बॅटरीवर चालणारी लहान मोटर मिळाल्यास अशीच एक जोडी आडव्या आंसावर फिरती ठेवावी, व दुसरी तशीच जोडी उभ्या आंसावर फिरवावी. दुसरी जोडीही फिरते, पण तिची खालची बाजू बदलत नाहीं. फरक पडला तर तो केवळ फिरण्यानें पडलेला नाहीं, हें त्यामुळें सिद्ध होतें. अशी जोड ठेविल्यावांचून कोणताही प्रयोग पुरा होत नाहीं. नवें खत किंवा नवी जात शेतांत लावतांनाही शेजारीं जुन्याचा एक वाफा ठेवावा तो याच कारणासाठीं.

सारांश, मूळ खालीं जातें ही एका सूक्ष्म पेशीनें घेतलेली दखल आहे. ती दखल कशी घेतली जाते हें समजण्यासाठीं शास्त्रज्ञांस ती दिशाच काढून घ्यावी लागली. त्यांतून निघणाऱ्या खोल मुळांच्या जाती उद्यां आपल्या दारीं येतील, तेव्हां त्या आपल्या जमिनीच्या खोलीस व ओलीस मानवतील कीं नाहीं, हें एका वाफ्यांत पारखूनच त्यांचा स्वीकार करावा, अशी आमची वाचकांस सूचना आहे.